खिडकीची सीट आणि गुलमोहरवाल्या

अहो, ऐकलंत का? या ना इकडे, कुंपणापाशी. गॅस बंद करूनच या, दोन मिनिटांचं काम नाहीये हे. आणि आवाज जरा हळू, त्यांची माडीवरची खिडकी उघडी आहे.

गुलमोहरवाल्या सोमवारी मुंबईला गेल्या होत्या ना, भाचीच्या डोहाळजेवणाला? चांगल्या चार दिवस राहणार होत्या. दूधवाल्याला सांगून झालं होतं, पेपरवाल्याला सांगून झालं होतं, तुळशीला पाणी घालायचं मला सांगितलं होतं... म्हणजे मला नाही, कामवाल्या मावशींबरोबर निरोप. त्या पन्हाळीच्या पाण्यावरून झालं तेव्हापासून आमचं निरोपावरच चाललंय, तुम्हाला माहितीच आहे. तर बाई सोमवारी रात्रीच परत! फाटकाशी रिक्षा थांबली, बॅग उतरली, तीच सकाळची बॅग, उघडलीसुद्धा नसेल. आमचे हे म्हणाले, ‘अगं, यांचं कुणी आजारी वगैरे पडलं का?’ मी गप्प. कारण मला आधीच माहीत होतं. अहो, सकाळी मी त्याच डब्यात होते!

हो ना! मी दादरला चालले होते, लेकीकडे. डबा एकच, आणि दोन रांगा मागे मी. गाडीचं नाव नाही घेत हं, उगीच कशाला. पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मजा नाही.

तुम्हाला आठवतंय ना, दोन महिन्यांपूर्वीच्या भिशीत त्यांनी काय जाहीर केलं होतं? ‘मला खिडकी मिळाली.’ जसं काही म्हाडाचं घरच लागलं. आता तिकीट साठच दिवस आधी काढता येतं, पूर्वी १२० दिवस होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून ते निम्मं केलं. तर बरोब्बर साठाव्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला त्यांचे ते मोबाइल घेऊन बसले, आणि ह्या मागे उभ्या. ‘विंडोवर टिक करा, विंडोवर टिक करा!’ आता त्या टिकेला काय अर्थ असतो, तुम्हीच सांगा. सिनेमाच्या तिकिटासारखा नकाशा थोडाच समोर येतो, की बाई ही खुर्ची हिरवी, ती लाल, बोट ठेवा नि घ्या. आपण पसंती सांगायची, द्यायची की नाही ते कॉम्प्युटरच्या मनात. स्थळाकडे पत्रिका पाठवण्यासारखं आहे ते. पण ह्यांना मिळाली. भिशीत फोनवरचं तिकीट चौघींना फिरवून दाखवलं. मी पण पाहिलं, चष्मा नव्हता म्हणून नीट नाही पाहिलं. नीट पाहिलं असतं तर...

थांबा, ते नंतर. त्या तिकिटावर मी एक गोष्ट मात्र पाहिली. वय. अहो, ५६! आता २०१९ साली ह्याच बाई आपल्याला सांगत होत्या ना, ‘मला आता निम्मं तिकीट लागतं’? बायकांना ५८ पूर्ण झाली की निम्मी सवलत होती तेव्हा. २०२०च्या मार्चमध्ये ती बंद झाली, ती अजून काही चालू झाली नाही. पुरुषांना ६०ला चाळीस टक्के होती, तीही गेली. सगळे रेल्वेच्या नावानं खडे फोडतात, आमचे हे तर रोज फोडतात. पण मी म्हणते, त्या सवलतीपायी आपल्या गल्लीतल्या बायकांनी पहिल्यांदा खरी वयं सांगितली होती. सवलत गेली, वयं परत खाली आली. असो, मला काय करायचंय.

तर काय सांगत होते... हां, सोमवार. मी चढले, माझी सीट मधली. एका बाजूला लॅपटॉपवाला, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, ते शिवाजीनगर यायच्या आत घोरायला लागले, आणि घोरता घोरता माझ्या खांद्यावर. चेअर कारमध्ये तीन खुर्च्या एकीकडे नि दोन एकीकडे असतात ना, त्या तिनातली मधली म्हणजे जात्यातला दाणा. खुर्चीला हात दोन, दोन्ही दुसऱ्यांचे. पण ते जाऊ दे.

पुढे पाहते तर मोरपंखी पैठणी! म्हटलं, ह्या इथे कुठे? आणि त्यांच्यासमोर, त्यांच्या त्या जगप्रसिद्ध खिडकीत, एक पोरगा. विशी-बाविशीचा असेल, कानात ती पांढरी बोंडं, पाठीवरची सॅक मांडीवर. ह्यांनी आधी खोकून पाहिलं. मग पर्स त्याच्या खांद्याला लावून पाहिली. शेवटी म्हणाल्या, ‘बाळा, ही सीट माझी आहे.’ तो म्हणाला, ‘काकू, माझी आहे.’ बस! ‘काकू’ म्हणाला तिथेच अर्धं बिनसलं.

ह्यांनी फोन काढला. डबा सी-टू, नंबर अमुक. त्यानं फोन काढला. डबा सी-टू, नंबर तोच! दोघांचंही कन्फर्म! आता आली का पंचाईत? मागचा-पुढचा सगळा डबा उभा राहिला. तुम्हाला तर माहितीये आपल्याकडे गाडीत भांडण म्हणजे चहाबरोबरची खारी. एक पासवाले अण्णा होते, त्यांचा डबा खरं तर वेगळा, पण चार स्टेशनं इथेच बसतो म्हणून टेकलेले. ते म्हणाले, ‘डबल बुकिंग! हल्ली फार होतं.’ लॅपटॉपवाला म्हणाला, ‘सर्व्हर एरर.’ एक बाई म्हणाल्या, ‘पूर्वी डब्यावर चार्ट चिकटवायचे तेच बरं होतं, बोट ठेवून दाखवता यायचं.’ त्यावर मात्र मान डोलवली हो मी. ते गठ्ठ्यानं चिकटवलेले कागद, त्यावर वाकलेली माणसं, आणि आपलं नाव चुकीचं छापलेलं असायचं तरी केवढा आनंद व्हायचा. आता सगळं त्या टीसीच्या हातातल्या यंत्रात. तो येईपर्यंत रामभरोसे.

आणि तुम्हाला सांगते, आपल्या गुलमोहरवाल्यांनी काय बोलणं लावलं! ‘दोन महिने आधी काढलंय तिकीट. तुम्ही आजकालची मुलं आदल्या दिवशी तत्काळ काढता नि हक्क सांगता.’ त्या पोराचा चेहरा एवढासा झाला. आजूबाजूच्यांनी पाहिलं, पैठणी आहे, वय आहे, म्हणजे ५६ का असेना, आणि पोरगा एकटा. ‘दे रे बाबा बसायला.’ तो उठला. एक शब्द बोलला नाही. सॅक उचलली नि दाराशी जाऊन उभा राहिला.

तेव्हा मी जाऊन सांगायला हवं होतं का? अहो, पण काय सांगणार? मला तरी कुठे माहीत होतं? आणि आमचं निरोपावर चाललेलं. मी मासिकात तोंड खुपसलं.

तर बाई ऐटीत बसल्या. पदर सावरला. मान वळवली खिडकीकडे. आणि... अहो, खिडकीच नव्हती! म्हणजे होती, पण पुढच्या सीटला अर्धी नि मागच्या सीटला अर्धी. ह्यांच्या अगदी नाकासमोर दोन काचांमधला तो करडा पत्रा. हे होतं हं पुष्कळदा. काचा आपल्या अंतरानं लावलेल्या, खुर्च्या आपल्या अंतरानं, दोघींचं जमलंच पाहिजे असं कुणी ठरवलेलं नाही. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ती विंडो सीटच. ह्यांनी मान पुढे काढून पाहिली, मागे काढून पाहिली. पुढचा माणूस खुर्ची मागे टाकून झोपलेला, त्याच्या टकलावरून तळेगाव दिसलं तेवढंच. ज्या खिडकीसाठी पोराला उठवलं ती भिंत निघाली! मी मासिकाआड... अहो, हसले नाही हो. थोडंसंच.

त्यात ते गचके. तुम्हाला जाणवतात का? मला वाटायचं माझंच वय झालं. पण आमचे भाचेजावई आहेत ना, रेल्वेतले, त्यांनी एकदा जेवताना वाटी-चमचे मांडून समजावलं. जुने निळे डबे होते ना, त्यांना दोन्ही अंगांना ते गोल बफर, नि मधे स्क्रू आवळून डबे जोडायचे. घट्ट, जावा-जावांनी फुगडीत हात धरल्यासारखे. हे नवीन एलएचबी म्हणतात ते, मूळ जर्मन आराखड्याचे, त्यांना मधोमध एकच मोठा आकडा, मुठीत मूठ अडकवल्यासारखा. त्यात जराशी ढील राहते. इंजिनानं ओढ दिली की ती ढील एकेका डब्यातून मागे सरकत येते, धाड, धाड, धाड, नि आपल्या डब्यात येईपर्यंत आपला चहा दुसऱ्याच्या मांडीवर. मी म्हटलं, मग आणले कशाला असले डबे? तर म्हणाले, मामी, अपघात झाला तर हे डबे एकमेकांवर चढत नाहीत, जुने चढायचे. आता यावर काय बोलणार? जीव मोठा की चहा? आणि सुधारणा केल्यात म्हणे त्या आकड्यात, पूर्वीइतके गचके आता नाहीत. असतील केल्या. आपल्या डेक्कन क्वीनलासुद्धा २०२२च्या जूनमध्ये हेच नवे डबे लागले की. १ जून १९३०ची ती राणी, दर वाढदिवसाला स्टेशनावर केक कापतात तिचा, तिनंसुद्धा नवी साडी नेसली. जुनी माणसं अजून हळहळतात. आमचे हे तर जुन्या डायनिंग कारमधल्या टोस्टची आठवण काढून अशी तोंडं करतात, की वाटतं लग्न त्या टोस्टशीच झालं होतं.

आणि हो, साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक, त्यांनी २०११च्या महिला दिनाला ती क्वीन घाट उतरवून मुंबईला नेली होती. मग २०२३ला सोलापूरहून वंदे भारतही आणली. बाई इंजिनात बसून अख्खी गाडी नेते, आणि इथे एका बाईला... पण ऐका तर.

लोणावळा गेलं. आणि टीसी आला.

अहो, तो क्षण मी मुद्दाम मासिक खाली ठेवून पाहिला. ह्यांनी स्वतःच बोलावलं त्याला, बोटानं, वाढप्याला बोलावतात तसं. ‘अहो साहेब, तुमच्या रेल्वेचा काय कारभार आहे हा? एका सीटची दोन तिकिटं? मी तक्रार करणार आहे, १३९ला.’ पासवाले अण्णा म्हणाले, ‘बरोबर आहे मॅडमचं.’ टीसी बिचारा शांत. ‘दाखवा.’ त्यानं फोन पाहिला. मग यंत्र पाहिलं. मग परत फोन. आणि मग त्याच्या मिशीखाली असं जरासं काहीतरी हललं.

‘मॅडम, ही गाडी आता कुठे चालली आहे?’

‘मुंबईला! का?’

‘तुमचं तिकीट मुंबईहून पुण्याला आहे. संध्याकाळच्या गाडीचं.’

काय सांगू तुम्हाला! चेहरा असा उतरला, जसा भाकरीचा फुगा तव्यावरून काढल्यावर बसतो. सगळा डबा चिडीचूप. अण्णांनी पेपर उघडला, उलटा. लॅपटॉपवाल्याला एकदम काम आठवलं. अहो, त्यांच्या त्यांनी साठाव्या दिवशी आठाच्या ठोक्याला, विंडोवर टिक करण्याच्या घाईत, ‘कुठून’ आणि ‘कुठे’ याची अदलाबदल केली होती! त्या दोन नावांच्या मधे ते बाणांचं बटण असतं ना, त्यावर बोट पडलं की नावं उलटी होतात. तारीख बरोबर, डबा सी-टू, नंबर तोच, बाकी सगळं उलटं. आणि भिशीत चार बायकांनी पाहिलं, एकीच्याही लक्षात आलं नाही. मी चष्मा लावला असता तर... पण मग आज तुम्हाला काय सांगितलं असतं?

टीसीनं रीतसर पावती फाडली. तिकिटाचे पैसे अधिक दंड, विनातिकीटवाल्यांना लावतात तोच. ‘विनातिकीट’ हा शब्द त्यानं हळूच उच्चारला, पण ऐकू सगळ्यांना गेला. मग ह्यांनी फोन लावला घरी. घाटात बोगदे, रेंज जाते-येते, त्यामुळे एकेक वाक्य तीन-तीनदा, आणि दर वेळी वरच्या पट्टीत. ‘तुम्ही बटण दाबलंत! ... हॅलो? ... बटण! ... बटण दाबलंत म्हणते!’ मंकी हिलची माकडं पण ऐकत असतील.

आणि तो पोरगा? तो आला हो, टीसीनं बोलावल्यावर. ह्या उठायला लागल्या, पैठणी खुर्चीच्या हातात अडकलेली. तर म्हणाला, ‘बसा आजी, मी कर्जतला उतरणार आहे.’ आजी! काकूची आजी झाली एका घाटात. आणि ह्या बसल्या. काही बोलल्या नाहीत, ‘थँक्यू’ सुद्धा नाही, पत्र्याकडे तोंड करून बसल्या. खरं सांगू, तेव्हा मला जरा वाईट वाटलं. म्हणजे दादर येईपर्यंत वाटत होतं.

मग परत का आल्या, हे विचारलंच नाही तुम्ही! मावशींनी सांगितलं ते, भांडी घासताना. डोहाळजेवण उरकलं, फोटो झाले, भाचीनं खोली आवरून ठेवलेली. आणि चार वाजता ह्या उठल्या. ‘माझं रिझर्वेशन आहे संध्याकाळचं. खिडकी आहे.’ भाची म्हणे, मावशी, चार दिवस राहणार होतीस ना? तर म्हणाल्या, ‘दोन महिने आधी काढलेलं तिकीट वाया घालवायचं? दंड भरलाय मी.’ अहो, तिकिटासाठी प्रवास! आणि संध्याकाळी खरी अख्खी खिडकी मिळाली, सबंध काच, पण कर्जत येईतो मिट्ट काळोख. घाटात काय दिसणार? स्वतःचाच चेहरा. त्यात कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात ना, त्यांनी टेकून जो धक्का दिला, तो समोरच्या फळीवरचा चहा पैठणीवर. काठावरच्या मोरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायक्लीनवाल्याकडे गेली, मी पाहिली पिशवी.

अहो, पण बाहेर काय सांगतायत माहितीये? आज सकाळी भाजीवाल्याकडे त्या बारा नंबरवाल्यांना सांगत होत्या, मी मेथी निवडत होते मागे: ‘प्रवास अगदी आरामात झाला. जाताना-येताना दोन्हीकडे खिडकी.’ बारा नंबरवाल्या म्हणाल्या, ‘नशीबवान हो तुम्ही. आमच्या नणंदबाई वंदे भारतनं आल्या, एवढे पैसे मोजून अख्खा रस्ता उलट्या तोंडानं बसल्या.’ ते मात्र खरं आहे, त्यात एक्झिक्युटिव्हच्या खुर्च्या गोल फिरतात, साध्या चेअर कारच्या नाही, ज्याचं तोंड मागे त्याचं मागेच. घाटात पोटात ढवळतं. नणंदबाई फिरत्या खुर्चीचा जाहिरातीतला फोटो पाहून गेल्या होत्या. पण बारा नंबरवाल्यांना त्याचं दुःख झालेलं काही मला दिसलं नाही हं. नणंदच ती.

मी तिथे एवढंच म्हटलं, मेथीची जुडी हलवत, ‘परवा लवकर आलात परत?’ माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, पन्हाळीनंतर. आणि विचारलं, ‘तुम्ही पण गेला होतात ना मुंबईला सोमवारी? कुठल्या गाडीनं?’ म्हटलं, ‘छे, मी बसनं गेले.’ पटकन तोंडातून निघालं हो. का निघालं देव जाणे. कढीपत्ता फुकट टाकला भाजीवाल्यानं, तोसुद्धा विसरून आले.

बरं, तुमची भाजी करपत असेल. जाता जाता एक विचारू? तुमच्या धाकट्याचं ते रेल्वेचं अकाउंट आधारला जोडलंय का? आता तत्काळला ते लागतं ना, २०२५च्या जुलैपासून. आमच्या ह्यांचं आधारवर नाव एक नि अकाउंटवर एक, पुढे सरकतच नाही. मला शुक्रवारी परत दादरला जायचंय, लेकीचा फोन होता. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी दहाला उघडतं. उद्या दहाला पाच कमी असताना येऊ का मी? पैसे आणते रोख. खिडकी मागायला सांगा त्याला, मिळाली तर मिळाली.

आणि कुठून, कुठे, ते त्याला दोनदा वाचून दाखवायला लावीन हं. मोठ्यानं नको. त्यांची खिडकी उघडी आहे.